गरम पाण्याचं खरं कारण

फेस, बुधवार, ११ फेब्रुवारी

प्रिय इतिमादताई,

तुला आणि भावोजींना सलाम. ब्रसेल्सच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इथे आई ठणठणीत. मीही बरा आहे. सात किलो वजन उतरलं, तेवढं सोडून.

मोठी बातमी म्हणजे आईने माझं लग्न काढलंय. परवा शुक्रवारी ती साखरेचे दोन शंकू घेऊन चपला शिवणाऱ्या मुआतींकडे रिहाबला मागणी घालायला जाणार. घाईचं कारण मीच. दोन महिने मी रोज पहाटे गल्लीतल्या हमामात, कढत पाण्याच्या न्हाणीघरात जातोय. कधी दुपारीही. आता पुरुषाने रोज पहाटे डोक्यावरून न्हावं याचा अर्थ आपल्या गल्लीत एकच होतो, रात्री जवळ बायको आहे. अंग चोळणारे बा अल्लाल म्हणालेच, "पोरा, कुंवारा आठवड्यातून एकदा न्हातो. तुझं बिऱ्हाड कुठंय, तेवढं सांग." मी लाजलो. त्यांनी ते होकारार्थी घेतलं. संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर माझी लपवलेली बायको गेली, आणि दुसऱ्या दिवशी ती सहा महिन्यांची गरोदरही झाली. ही कुजबुज थांबवायला आईचा उपाय म्हणजे रिहाब.

खरं असं की मला उलट्या होतात. अंगावर कढत पाणी पडलं की थांबतात, कोरडा झालो की पुन्हा. पोटाला वारा लागला असेल म्हणून मी जिऱ्याचं पाणी पीत राहिलो.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गांजाच्या अर्काची व्हेप ओढतोस?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि मधल्या वेळात."

त्यांनी लिहिणं थांबवलं. किती वर्षं, म्हणाल्या. मी अचूक सांगितलं, चार वर्षं दोन महिने. त्या म्हणाल्या, रोजच्या ओढण्याने पोटच उलटलंय, गरम पाणी फक्त त्याची समजूत काढतं. सोडल्याशिवाय औषध नाही.

सोडली, ताई. नऊ दिवस. झोप नाही, घामाने गादी ओली, कामावर टाइल वाकड्या कापल्या जायच्या. पण सहाव्या दिवसापासून उलटी नव्हती, आईच्या हातचं हरीरा सूप दोन वाट्या प्यायलो. दहाव्या दिवशी, एकदाच म्हणून, ओढली. आज चौदावा दिवस आहे आणि एकदाच अजून चालूच आहे. मला वाटायचं मी ती मौजेने ओढतो. तसं नाहीये.

रिहाब चांगली मुलगी आहे. नकार द्यायचा तर तिने निदान खरं कळल्यावर द्यावा.

हे मी आईच्या तोंडावर तीनदा सांगायला गेलो, तिन्ही वेळा भाकरी मागून परत आलो. म्हणून पाकीट उघडंच तिच्या उशीवर ठेवतोय. तुला लिहिलेली पत्रं ती आधी वाचते, हे तुलाही माहीत आहे.

आई, शुक्रवारी मुआतींकडे जाऊ नकोस. माझ्याबरोबर दवाखान्यात चल. एकट्याने मी नऊच दिवस टिकतो.

तुम्हा दोघींचा,
जुहैर