पहिलं मीठ आणि स्टेशनासमोरचा गाळा

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला सकाळी गावदेवीपुढे दिवा लावून झाल्यावर मी वडिलांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं खांद्यावर घेतलं आणि स्टेशनासमोरच्या आमच्या प्लॉटवर गेलो. विकासकाच्या माणसांनी माती तपासायला तिथे खड्डे खणले होते. त्यांत खाडीचं पाणी झिरपलं, उन्हाने आटलं आणि तळाला मीठ धरलं. मी ते ओढलं, टोपलीत भरलं आणि स्टेशनाच्या जिन्याशी सुकट विकायला बसणाऱ्या माझ्या बहिणीला, सगुणाबायला, नेऊन दिलं. ती ते घेते की नाही, यावर या मृत्युपत्रातलं शेवटचं कलम अवलंबून होतं. म्हणून ती सकाळ आधी सांगितली. आता रीतीप्रमाणे लिहितो.

मी, हरेश्वर बुधाजी गावंड, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत, धंदा ट्रेलर वाहतूक, राहणार मौजे शेलखार, तालुका उरण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी न सांगता आणि कोणाला न भिता हे लिहून ठेवतो. पुढल्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी घाबरलेलो नाही. पण खाडीत उतरणारा माणूस भरतीची वेळ विचारून उतरतो, तेवढंच हे आहे. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझं राहतं घर माझी पत्नी द्वारका हिला तिच्या हयातीपर्यंत मिळावं आणि तिच्यामागे मुलगी हेमाली व मुलगा निकेत यांना सारखं. हे घर मी बांधलं असं लोक म्हणतात. मी बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरमध्ये झोपत होतो तेव्हा गवंड्यांच्या डोक्यावर उभी राहून ते द्वारकेने बांधून घेतलं. पूर्वेची खिडकी तिने भांडून मोठी केली. त्या खिडकीतून येणाऱ्या सकाळसाठी मी तिचा ऋणी आहे. समोर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

२. ट्रेलर निकेतने चालवायला घेऊ नये. त्याला बंदराच्या ऑफिसात नोकरी आहे, त्याची पाठ सरळ राहू दे. ट्रेलर माझा चालक सदा याला द्यावा आणि तो ज्या भावाने, जसा फेडीन म्हणेल, तसा द्यावा. घासाघीस करू नये. माझ्या छातीत कळ आली त्या दिवशी त्याने ट्रेलर भर रस्त्यात उभा केला, मागचे सगळे हॉर्न आणि शिव्या ऐकून घेतल्या, आणि मला आधी रिक्षात घातलं.

३. बँकेतली शिल्लक द्वारकेची. त्यातून गावदेवीच्या दिव्याचं तेल चालू ठेवावं. तेल स्वतः नेऊन घालावं, पैसे देऊन मोकळं होऊ नये. हात जोडायला माणूस तिथे जायला हवा. दरवर्षी पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जायचा माझा नेम ज्याला जमेल त्याने पाळावा, न जमल्यास देव रागवत नाही.

४. शेजारी विठोबा भोईर याने मी फेरीवर असताना माझ्या दारातला शेवगा बुंध्यापाशी तोडला. कारण काय, तर पाला त्याच्या पाण्याच्या टाकीत पडतो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी मांडवाबाहेर उभा राहून अक्षता टाकून आलो. हे भांडण मी वारशाने कोणाला देत नाही. ते माझ्याबरोबर संपेल. मात्र या कागदावर साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यालाच बोलावलं आहे. तो म्हणाला, "माज्याशी बोलत नाय नि सही माजी पायजे?" मी म्हटलं, "तू माझी बाजू घेऊन खोटं बोलणार नाहीस, याची सगळ्या गावाला खात्री आहे." तो हसला. शेवगा बुंध्यातून पुन्हा फुटला आहे, शेंगा त्याच्याकडेही द्याव्यात.

५. आता स्टेशनासमोरचा प्लॉट. हे कलम लांब होईल.

आमचं मिठागर आणि खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, सरकारने घेतलं. त्या बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा प्लॉट मिळाला, तोही वडील गेल्यानंतर. नशिबाने तो आमच्या जुन्या आगराच्या काठालाच लागला. तेव्हा तिथे गुडघाभर चिखल होता. आता समोर रेल्वेचं स्टेशन आहे, आणि ज्या जागेकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं तिथे एक मोठी इमारत प्रस्तावित आहे. तळाला दुकानांचे गाळे, त्यावर ऑफिसं, त्यावर राहती घरं आणि स्टेशनाला जोडणारा पूल. आज तिथे पत्र्याचं कुंपण आणि एक रंगीत बोर्ड एवढंच आहे. प्लॉट मी आणि माझा धाकटा भाऊ चंदर यांच्या नावावर निम्मा-निम्मा आहे.

विकासकाने गावच्या सभागृहात पडद्यावर इमारतीची चित्रं दाखवली. चित्रात झाडं होती, कॉफी पिणारी माणसं होती, कुत्रं फिरवणारी एक बाई होती. सगळे टाळ्या वाजवत होते. द्वारका मागून उठून म्हणाली, "सायेब, यात सुकट इकनारी कुठं हाय?"

मॅनेजर म्हणाला, "ताई, वर फूडकोर्ट आहे ना."

"सुकट फूडकोर्टात कोन खातंय? ती जिन्याखाली बसते ना, आमची ननंद, ती कुठं बसंल?"

लोक हसले. मॅनेजरही हसला. मी हसलो नाही. त्या चित्रात जिन्याखाली फुलझाडांच्या कुंड्या होत्या. नेमक्या बायच्या जागेवर.

बाय, म्हणजे माझी थोरली बहीण सगुणाबाय, कोण, हे माझ्या मुलांना माहीत आहे, नातवंडांना नसेल, म्हणून लिहितो. मी पाचवीत असताना आई गेली. बाय तेव्हा सातवीत होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. ती वडिलांबरोबर आगरात उतरली, मिठाच्या पाट्या डोक्यावरून बांधावर टाकू लागली, आणि मी शाळेत जाऊ लागलो. मिठाच्या पाण्याने पायाला भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा मीठ जातं. तिच्या टाचा अजून तशाच आहेत. मी दहावी झालो तेव्हा तिने सगळ्या आळीत गूळ वाटला आणि मला म्हणाली, "मी बी झाले पास." माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्याच्या तळाशी ती आहे.

वडिलांच्या मागे प्लॉटला वारसांची नावं लागताना बायने हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी तशी सही करतात. भाऊ साडी देतो, गोडाचं जेवण होतं. तिची साडी हिरवी होती. ती तिने हौसेने नेसून जुनी केली. तिच्या मनात तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. पुढे तिचे यजमान गेले, आणि स्टेशन सुरू झालं तशी ती जिन्याशी टोपली घेऊन बसू लागली.

सभागृहातल्या त्या संध्याकाळनंतर मी ठरवलं की माझ्या निम्म्यातला निम्मा हिस्सा बायच्या नावे करायचा. विकासकाकडून तेवढ्या हिश्श्यापोटी जिन्यालगतचा पहिला गाळा तिला मिळावा. द्वारका, हेमाली आणि निकेत तिघांनाही विचारलं. निकेत म्हणाला, "बाबा, आत्याला विचारलंत का?" तिथेच घोडं अडलं.

बाय म्हणाली, "मना गाला नको, हरेश. मना म्हायेर पायजे."

तिची भीती खोटी नव्हती. शेजारच्या गावात बहिणींनी हिस्सा मागितला, आणि भावांनी पोरांच्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा दिल्या नाहीत. बायला वाटायचं, हिस्सा घेतला की दिवाळीला भावाच्या दारातली रांगोळी ओलांडून जाताना पाय अडखळेल. मी तिला कितीदा समजावलं. ती म्हणायची, "तू दार उघडशील रे. पन चंदर?"

चंदरला मी सांगितलं तेव्हा तो जेवत होता. ताट सारून म्हणाला, "देव व्हायला निंगालास काय? तिनं सही दिलीय. आज ती, उद्या तुजी हेमाली बी मागंल."

मी म्हटलं, "तिला मागावं लागू नये, म्हणूनच करतो आहे."

"मंग माज्या बायकोनं मना इचारला, तू कवा देतोस, तर मी काय सांगू?"

मी त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. त्याच्या हिश्श्यावर माझा हक्क नाही आणि त्याच्या मनावरही नाही. तो वाईट माणूस नाही. लहानपणी तो बायच्या कडेवर असायचा आणि मी तिच्या पदराला, एवढाच आमच्यातला फरक.

मी विकासकाच्या करारावर सही केली नाही. माणसं पाठवून झाली, चहा पाजून झाला. "गावंडसाहेब, तुमच्या एका सहीसाठी प्रोजेक्ट अडलाय." मी म्हणायचो, "माझ्या बहिणीच्या एका सहीसाठी मी अडलोय." कारण बक्षीसपत्र एकट्याने होत नाही. घेणाऱ्याने घेतलं म्हणावं लागतं.

६. हेमालीकडून कोणीही, कधीही, कुठल्याही निमित्ताने हक्कसोड मागू नये. प्लॉटमधला माझा उरलेला हिस्सा आणि त्यापोटी जे मिळेल ते तिला आणि निकेतला समसमान. साडी द्यायची असेल तर साडी म्हणून द्यावी. वडिलांचं लाकडी फावडं हेमालीला. ते भिंतीवर शोभेला लावू नये, दरसाल खोबरेल चोळावं. ते कशाला वापरायचं, हे खालच्या कलमात आहे.

७. माझ्यामागे मोठा खर्च करू नये. तेराव्याला वालाची भाजी-भाकरी असली तरी चालेल. लाऊडस्पीकर लावू नये. ज्यांना भजन येतं त्यांनी म्हणावं, ज्यांना येत नाही त्यांनी ऐकावं. देवाने मला मागितल्यापेक्षा जास्त दिलं. तक्रार करावी असं काही आठवत नाही, आणि मी बरंच आठवून पाहिलं.

८. शेवटचं कलम. आमच्या घरात एक रीत होती. हंगामाचं पहिलं मीठ व्यापाऱ्याला द्यायचं नाही. ते सासरी गेलेल्या लेकीच्या घरी पोचायचं, आणि मग आगराचं तोंड विक्रीला उघडायचं. लेक ते परत पाठवत नाही. तिने परत केलं तर त्या साली आगर धरत नाही, असं वडील म्हणत. बायचं लग्न झाल्यापासून आगर जाईपर्यंत ही रीत चुकली नाही. आगर गेलं आणि आम्ही सगळे ती विसरलो. त्या खड्ड्यांच्या तळाशी पांढरं चमकलं तेव्हा मला ती आठवली.

अक्षय्य तृतीयेला मी टोपली बायपुढे ठेवली. ती सुकटीचे वाटे लावत होती.

"ह्या मीठ कुठून आनलास रे?"

"आपल्या जागेवरचं, बाय. पहिलं मीठ."

तिने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "आपलाच हाय," म्हणाली, आणि टोपली कपाळाला लावली.

मी विचारलं, "परत करशील?"

"पयला मीठ कोन परत करतंय? येरा झालास काय?"

"मग ऐक. त्या जागेत आधी मीठ पिकत होतं, आता गाळे पिकणार आहेत. त्यातला पहिला कोणाचा, तूच सांग."

ती वाटे लावत राहिली. एक गिऱ्हाईक दोनदा भाव विचारून निघून गेलं. मग तिने पदराने तोंड पुसलं. "फसवलास मना," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चंदरला सांगून टाक. तो आला तर मी सही करीन. नाय आला तर मीठ माजा, गाला तुजा."

मी चंदरला फक्त टोपलीची गोष्ट आणि नोंदणीचा दिवस सांगितला. बाकी काही म्हटलं नाही. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

गेल्या शुक्रवारी आम्ही उरणला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. बाय बाकावर बसून दाराकडे बघत होती. आमचा नंबर पुकारला तरी ती उठेना. मी कारकुनाला म्हटलं, पुढचा घ्या. दोन नंबर झाले. मग चंदर आला, हातात वडापावचा पुडा. तो माझ्याकडे न बघता तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "खाऊन घे आधी, बाय. आपला नंबर काय पलून जात नाय."

तिने खाल्लं. मग उठली.

साहेबांनी विचारलं, "मावशी, भावाने दिलेलं बक्षीस तुम्ही राजीखुशीने स्वीकारता ना?"

ती म्हणाली, "बक्षीस-बिक्षीस नाय, सायेब. भावाकरचा पयला मीठ हाय. तुमी काय लिवायचा ता लिवा." आणि सातवीच्या पोरीच्या गोल अक्षरात तिने सही केली. परतताना चंदरने तिला आपल्या गाडीतून घरी सोडलं. त्याने स्वतःच्या हिश्श्यातलं काही दिलेलं नाही, आणि मी ते मागत नाही.

तेव्हा माझ्या वारसांनी लक्षात ठेवावं: स्टेशनासमोरच्या प्लॉटमधला जो हिस्सा श्रीमती सगुणाबायच्या नावे नोंदला आहे, तो माझ्या मिळकतीत धरू नये. इमारत उठली तर पहिला गाळा तिचा. नाही उठली तर तेवढी जमीन तिची. माझ्या घराचं दार तिला आणि तिच्या लेकरा-नातवंडांना माहेराचं राहील. आणि त्या जागेत पुढेमागे कुठल्या कोपऱ्यात पुन्हा मीठ धरलं, तर हेमालीने ते फावड्याने ओढून आधी आत्याकडे न्यावं.

मी हे सांगून ठेवत नाही, करून ठेवलं आहे.

ठिकाण: मौजे शेलखार, तालुका उरण, जिल्हा रायगड
दिनांक: १९ मे २०२५

(सही) हरेश्वर बुधाजी गावंड

लिहिणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत, शांतपणे, वाचून दाखवून सही केली. त्यानंतर आम्ही केल्या.

साक्षीदार:
(सही) नजमुद्दीन मुकादम, टायरचं दुकान, स्टेशन रस्ता
(सही) विठोबा भोईर, शेजारी. शेवग्याबद्दल लिहिलेलं खरं आहे.