ताईच्या नावाचा डबा

सोमवार
आधीच कबूल करतो, पहिल्याच दिवशी नको ते केलं. नोकरी ताईनं लावली, तिथल्या मॅडमना गळ घालून. नाहीतर दहावीत गटांगळ्या खाल्लेल्याला कोण विचारतं? ऑफिस झकास आहे, फिरती खुर्ची, गार हवा. कामही सोपं. कोणी प्रोग्रामचा नवीन कोड पाठवला की मशीन आपोआप एक कोरा कंटेनर, म्हणजे संगणकातली तात्पुरती जागा, उघडते. मी त्याला डबा म्हणतो. आम्ही लिहून ठेवलेल्या कमांड त्यात एकापाठोपाठ चालतात, कोड तपासला जातो आणि डबा पुसला जातो. पुढच्याला पुन्हा कोरा. डब्याच्या नावाची जागा रिकामी दिसली, हात शिवशिवले. ताईचं नाव टाकलं, आडनावासकट. मग दिवसभर स्क्रीनवर तेच: ताई सुरू, ताई संपली, ताई पुसली. घरी फोटो दाखवला. ताईनं झाडू उगारला, म्हणाली, मेल्या, माझ्या नावाचे धिंडवडे काढतोस होय. आणि स्वतःच पोट धरून हसली.

मंगळवार
भाजीत दोनदा मीठ. आई गेल्यापासून ताईच घर चालवते, तिचा हात कधी चुकत नाही. मी म्हटलं, प्रेमात पडलीस की काय. तिनं मिठाची बरणी पुन्हा हातात घेतली.

बुधवार
आज सगळ्यांनी कोड पाठवायचा सपाटाच लावला. घरी आलो तर ताईनं दार उघडून विचारलं, अहो, कोण हवंय तुम्हाला? वाटलं, सूड उगवतेय. मीही म्हटलं, मीटर बघायला आलोय. तिनं खरंच मीटर दाखवला.

गुरुवार
ताईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काही दोष सापडत नाही. तेव्हा ती बरी बोलत होती. माझ्या फोनवर ऑफिसचं पान उघडं होतं. 'ताई पुसली' अशी ओळ आली. ती बोलता बोलता थांबली आणि डॉक्टरांना नव्यानं नमस्कार केला.

शुक्रवार
नाव खोडलं, बदल पाठवला. पण बदलसुद्धा त्याच वाटेनं जातो, आधी डब्यात तपासणी. डबा उघडला, तिच्याच नावानं. घाईत माझंच काहीतरी चुकलं, तपासणी नापास, बदल परत. ताई पुसली. पुन्हा पाठवला. पुन्हा नापास. म्हणजे मीच तिला —
शेजारच्या काकूंचा फोन. घास कसा गिळायचा तेच तिला आठवत नाहीये.

शनिवार
अजून एकदा पुसली तर श्वास कसा घ्यायचा तेही —
स्क्रीनवरून चालू डब्यात शिरलो. कमांड दिली: झोप, उठू नकोस. ही कमांड संपेपर्यंत डबा पुसला जात नाही. काकू म्हणतात, ताई गाढ झोपलीय, हलवली तरी उठत नाही. श्वास चालू आहे. चालू आहे.

रविवार
एका नावाचे दोन डबे उघडत नाहीत. सगळ्यांचं काम खोळंबलंय. मॅडम म्हणतात, अडकलेला डबा शोधते आणि मारून टाकते. त्यांना खरं सांगितलं तर हसतील, आणि हसत हसत बंद करून बघतील —
मॅडम आत आल्या. इतर कामांचेही डबे चालू आहेत, एकेक तपासतायत —
हे वाचणारे कोणी असाल, पाया पडतो तुमच्या. कुठला डबा ते मॅडमना सांगू नका. कोणालाच सांगू नका. त्यात माझी —