बारा नंबरचा चौकोन

देसाईगंज (वडसा)
शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय मंजूताईस,
मिथुनचा सप्रेम जयभीम.

तू बरी असशील. आईचा गुडघा कसा आहे? इकडे नाटक कंपनीत सगळे खुशाल. हरिदासभाऊंनी नवे पडदे रंगवून घेतले. त्यातला राजवाड्याचा पडदा पहिल्याच प्रयोगात उलटा टांगला गेला आणि राजा आपला उलट्या खांबांखाली दरबार भरवून बसला. मालक असूनही भाऊ स्वतःच हसत सुटले. तुझी भूमिका पुन्हा मयुरीकडे गेली आहे. तुझी ट्रंक खोलीत जागच्या जागी आहे, कुलपाला कुणी हात लावलेला नाही.

पत्र पाहून नवल वाटेल तुला. बारावीच्या पेपरातसुद्धा मी एवढं लिहिलं नव्हतं. पण फोन तू उचलत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. व्हॉइस नोट पाठवावी म्हणून दोनदा बटण दाबलं आणि सोडून दिलं. आवाज रेकॉर्ड करून कुणाच्या हाती द्यायची मला आता भीती वाटते.

चालू नाटकातून तू का निघून गेलीस यावर कंपनीत रोज नवी चर्चा असते. भाऊ म्हणतात, "बाप गेल्यापासून तिचं मन लागून नाई राह्यलं." मी मान डोलावतो. ते खरं नाही हे इथं फक्त मला माहीत आहे.

पहिल्यापासून सांगतो. काही तुला माहीत आहे, काही नाही.

चंद्रपूरला रेडिओवर होतो तेव्हा मी ते सॉफ्टवेअर शिकलो. लॅपटॉपवर रंगीत चौकोन, एकावर वीज, एकावर बंदूक, एकावर रडणारं बाळ. बोट लावलं की आवाज. मी आलो आणि पडद्यामागे पत्रा हलवून वीज पाडणं बंद झालं. तूच म्हणायचीस, "मिथुन, तुह्या या डब्यात आख्खं गाव भरून हाय." मला फार बरं वाटायचं ते ऐकून.

कुरुडच्या प्रयोगाला आपण दुपारीच पोचलो होतो. माईक तपासणी चालू होती आणि आवाजाचा अंदाज यावा म्हणून मी ती नेहमीसारखी रेकॉर्ड करत होतो. तेवढ्यात तुझा फोन वाजला. तू बोलत बोलत विंगेत गेलीस, कॉलरचा माईक तसाच होता. बाबा गेल्याचं तुला कळलं ते माझ्या हेडफोनमध्ये मलाही त्याच क्षणी कळलं. मी बाहेरचे भोंगे बंद केले, एवढी अक्कल होती. रेकॉर्डिंग बंद केलं नाही. तेव्हा सुचलं नाही हे खरं. नंतर ती फाइल सापडली तेव्हा पुसली नाही, हेही खरं.

तू घरी गेलीस आणि मयुरी तुझ्या जागी उभी राहिली. तिसऱ्या अंकात नवऱ्याच्या प्रेतावर रडायचं असतं ना? तिला ते जमेचना. ती रडायला लागली की समोरून कुणीतरी ओरडायचं, "बाई, शिंक आली काय वं?" चार गावी असं झाल्यावर भाऊ माझ्यापाशी आले. "मिथुन, काई तरी कर बाप्पा. तुह्यापाशी एवढे आवाज हायेत."

मी तुझी फाइल उघडली.

रडता रडता तू तीनदा म्हणाली होतीस, "बाबा, मी येऊनच राह्यली होती ना." नाटकात बाप मरत नाही, नवरा मरतो. म्हणून ती तिन्ही वाक्यं मी कापली. जोड कुठं आहे ते कुणाला कळणार नाही इतकं नीट कापलं. उरलेले एकोणीस सेकंद बारा नंबरच्या चौकोनावर ठेवले आणि काम छान झालं म्हणून चहा प्यालो. ताई, तेव्हा मला त्यात जरासुद्धा वावगं वाटलं नाही.

लोक ढसाढसा रडले. पहिल्या रांगेतल्या बाया पदर तोंडात धरून बसल्या. कुठून आणलं असं भाऊंनी विचारलं तर मी सांगितलं, इंटरनेटवरून.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून तू परत आलीस तेव्हा तुझा घसा बसलेला होता. भाऊ म्हणाले, "तू निस्ते खांदे हालव. रडनं मिथुन वाजवते." तू हसलीस. म्हणालीस, "बरं झालं, आता रडू बी नाई येत मले." त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्यानंतर दोन दिवस आपण एकाच गाडीत, एकाच पंगतीत होतो. माझं तोंड उघडलं नाही.

मग सतरा डिसेंबर आला.

तू प्रेताजवळ बसलीस. मी बारा नंबर दाबला. त्यात सुरुवातीला एक श्वास आत ओढल्याचा आवाज आहे. रडणं सुरू व्हायच्या आतच तू मान वळवलीस, प्रेक्षकांकडे नाही, माझ्या टेबलाकडे. खांदे हलवायचं तू विसरूनच गेलीस. एकोणीस सेकंद संपले आणि मंडपातून आरोळी उठली, "वन्स मोअर!"

कुणी विचारलंच तर सांगायचं म्हणून मी ठरवून ठेवलं होतं की दुसऱ्यांदा बोट घसरलं. ते खोटं आहे. दुसऱ्यांदा दाबताना मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तुला कळलंय हे मला स्वच्छ दिसत होतं. पण हजार माणसं ओरडत होती, भाऊ विंगेतून खुणा करत होते, आणि मला त्या क्षणी आनंद झाला होता गं. आजवर वन्स मोअर गाण्याला मिळायचा, लावणीला मिळायचा. माझ्या चौकोनाला पहिल्यांदाच मिळत होता. म्हणून दाबलं. कसला माणूस आहे मी? हा प्रश्न मी रोज विचारतो आणि रोज नव्यानं हादरतो.

तू उठलीस, स्टेजवरून उतरलीस आणि प्रेक्षकांच्या मधून चालत गेलीस. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच पहाटे मी ती क्लिप पुसली. मला वाटलं, संपलं. पण मधल्या दिवसांत ती मी दोघांना दिली होती. कुणी मागितली म्हणून नाही, मिरवायला. एक दुसऱ्या कंपनीचा साउंडवाला देवाजी. दुसरा चंद्रपूरचा सुनिल, तो खुनांच्या गोष्टींचा पॉडकास्ट करतो. दोघांना फोन केले. देवाजीनं पुसल्याची शपथ घेतली. सुनिलनं दोन भागांत ती आधीच वाजवली होती. ते भाग त्यानं काढून टाकले, पण तोवर किती जणांनी उतरवून घेतले ते त्यालाही माहीत नाही.

गेल्या रविवारी एका गावात शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं दोन कंपन्यांचे मंडप शेजारी शेजारी पडले. आमच्याकडे विनोदी प्रवेश चालू होता, लोक हसत होते, आणि पलीकडच्या भोंग्यातून तू रडायला लागलीस. लॅपटॉप तसाच टाकून त्यांच्या मंडपात पळालो. साउंडच्या टेबलावर देवाजी बसला होता.

"पुसलो म्हनला होतास ना?"

"पुसलो होतो गा. पत्रू साउंडवाल्यापासून परत घेतलो."

"पत्रूपाशी कुठून आलं?"

"मीच देलो होतो. पाच जनाइले देलो. त्याइनं कोनाले देलं, मले काय मालूम?"

"अरे, ते आमच्या मंजूताईचं रडनं हाय. तिचा बाप मेला तवाचं."

देवाजी हळूच म्हणाला, "मंग तं असल हाय. म्हनूनच एवढं चालून राह्यलं."

सोमवारपासून मोटरसायकलवर फिरतो आहे. नऊ जणांच्या लॅपटॉपवरून माझ्या डोळ्यांदेखत पुसून घेतलं. प्रत्येक जण आणखी दोन नावं सांगतो. ताई, ते आता गोळा होणार नाही. तुझं रडणं सगळ्या झाडीपट्टीत पसरलं आहे. आणि तू बाबांशी बोललेली ती तीन वाक्यं मात्र कुठंच नाहीत, त्यांची मूळ फाइलही मी त्या पहाटे पुसून बसलो.

हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही. माफी मागायला तोंड नाही मला. एक तारीख कळवायची होती. बावीस जानेवारीला तुमच्या गावच्या शंकरपटात देवाजीच्या कंपनीचं नाटक ठरलं आहे. वाजवणार नाही असं त्यानं पुन्हा शपथेवर सांगितलं, पण त्याची शपथ मी एकदा पाहिली आहे. मी तिथं जाणार, त्याच्या टेबलापाशी बसणार. तरी माझ्यावर विसंबू नकोस. भोंगे चारी दिशांना बांधतात, घरात बसूनही ऐकू येतं. आदल्या दिवशीच आईला मामाकडे घेऊन जा. काय कारण सांगायचं ते तू बघ. तुला ओळखायला एक श्वास पुरला होता. आईला तेवढाही लागणार नाही.

खाली 'तुझा भाऊ' असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

मिथुन