डावी बाजू

३ फेब्रुवारी

नऊ टक्के! दोन्ही बाजूंच्या सोळा-सोळा फळ्या, प्रत्येकीवर तीन ठिकाणी सुई टोचून ओलावा मोजला. सगळीकडे नऊ, एका जागी साडेनऊ. नाव सात वर्षं पत्र्याच्या गोदामात पडून होती. लाकूड खडखडीत वाळलंय. फळ्यांमधल्या सांध्यांत माझी करंगळी जाते.

जेवणाच्या सुट्टीत बाबांना हिशेब सांगितला. पाण्यात गेल्यावर ओलावा पंचविसापर्यंत चढणार, एकेक फळी कमीत कमी तीन मिलिमीटर फुगणार. म्हणून सांध्यांत कापूस हलका भरायचा. पहिले चार दिवस नाव गळेल, गळू द्यायची. फळ्या फुगून आपोआप मिटतील. पण आत्ताच दगडासारखं ठोकलं, तर फुगायला जागा राहणार नाही. मग फळ्या एकमेकींना ढकलणार आणि आतल्या फासळ्या मोडणार.

बाबांनी हातातला डबा खाली ठेवला. "ऐकलंत का रे! लाकूड आता इंजिनीअरीणबाईंना विचारून फुगणार!"

लंबू सुतार इतका हसला की तोंडातला चहा शर्टावर आला. दादाही हसला. तो नेहमी बाबांचं तोंड बघून मगच हसतो — अर्धा सेकंद उशिरा.

मी डबा संपवला.

६ फेब्रुवारी

बाबांनी ताटावर जाहीर केलं — ही नाव झाली की शेड दादाची.

दादा चौदा वर्षं शेडमध्ये आहे. त्याला अजून नावेचा आराखडा वाचता येत नाही. चुना लावावा तसा रंग लावतो. मी हे शांतपणे सांगितलं. दादा म्हणाला, "आणि तू काय करणार? नावेला इंजेक्शन देणार?"

आई म्हणाली, "अहो, एकदा तिच्या हातात देऊन तर बघा."

बाबा बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "उजवी बाजू तू भर, डावी मी. तुझी टिकली आणि माझी फुटली, तर शेड तुझी. तुझी फुटली तर दादाची. दोन्ही टिकल्या तर मी आहेच अजून दहा वर्षं, कुणी हुरळू नका."

"आणि पुट्टी?" दादाने विचारलं. कापसावर पुट्टी भरून सांधा बंद करायचं काम त्याचं.

"माझ्या बाजूची तू भर. तिची ती भरेल, तिला कुणाचा हात चालत नाही."

खरं आहे, चालत नाही.

१० फेब्रुवारी

सुरुवात. आमच्या शेडची जुनी रीत आहे — सांधे भरताना दोन हात, दोन बाजू, आणि काम संपेपर्यंत एकाने दुसऱ्याच्या बाजूला पाय ठेवायचा नाही. शेजारचं बघून हात बिघडतो म्हणतात. पहिल्यांदाच मला एखादी रीत पटली.

लंबू बाहेर अंगणात डोलकाठी तासतोय. आत आम्ही तिघंच.

१३ फेब्रुवारी

नाव मध्ये असली तरी आवाज येतो. बोथट छिन्नीवर लाकडी हातोडा पडला की सांधा बोलतो. कापूस हलका बसला तर 'धप'. जास्त ठोकला तर आवाज वर चढतो, 'टण्ण'. बाबांनीच शिकवलंय हे, मी नऊ वर्षांची असताना. तेव्हा ते मला अजून माणसांत धरत होते.

आज दुपारी डावीकडून पाऊण तास नुसतं टण्ण, टण्ण. सकाळी बरं होतं. दुपारी दमल्यावर माणूस जोर लावतो.

पण हा आवाज बाबांना खुपत कसा नाही? खोटा ठोका तिसऱ्या शेडमधून ओळखणारा माणूस!

१५ फेब्रुवारी

तपासून पाहिलं. बाबा जेवायला बसलेले, मी पाठीमागे तीन मीटरवर. मी फोनवर आवाज मोजत होते.

साध्या आवाजात "बाबा" — वळले नाहीत. थोडं मोठ्याने — नाही. जवळजवळ ओरडून — वळले, पण चुकीच्या बाजूला. चमचा पेल्यावर वाजवला — काहीच नाही. बादली आपटली — दचकले. म्हणजे जाड आवाज पोचतो, बारीक पोचत नाही. 'धप' ऐकू येतो. 'टण्ण' येत नाही.

समोर बसून बोलणाऱ्याचे ओठ वाचतात. किती वर्षं, कोण जाणे. आपल्याला वाटत होतं, मुद्दाम उत्तर देत नाहीत.

आईने विचारलं, "बादली का आपटलीस?" म्हटलं, हातातून सुटली.

१८ फेब्रुवारी

दुपारी परत तेच. बावन्न मिनिटं.

सांगता येईल. नावेला वळसा घालायचा, बाबांच्या समोर उभं राहायचं, ओठ नीट हलवायचे — बाबा, फार घट्ट होतंय. दोन मिनिटांचं काम.

रीत मोडेल. रीत त्यांचीच आहे.

१९ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

२२ फेब्रुवारी

नावेच्या मालकीणबाई आल्या होत्या. दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. नवरा वारल्यापासून नाव तशीच होती. दोन्ही बाजूंनी हात फिरवत गेल्या, जसं काही घोड्याच्या अंगावरून. म्हणाल्या, "लग्नानंतर पहिला महिना हिच्यातच राहिलो. घर नव्हतं ना! मी हिच्यातच अंडी उकडायला शिकले."

मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नक्की टिकेल ना गं?"

"माझी बाजू टिकेल," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करतेय.

२८ फेब्रुवारी

नाव पाण्यात. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

माझी बाजू चाळणीसारखी गळली. दर तासाला दोनशे दहा लिटर! डावीकडे थेंब नाही. लंबू काठावर बसून पाय हलवत होता. "ताई, उजवीकडे मासे सोडायचे का?" दादाला इतका आनंद झाला की त्याने सगळ्यांना चहा पाजला. मलाही दिला, वर म्हणाला, "घे, रडू नकोस."

बाबा माझ्या बाजूला पाणी येताना बघत राहिले, मग आपल्या कोरड्या बाजूकडे. कपाळाला आठी. जिंकणारा माणूस असा दिसत नाही. वय झालं.

पंप लावला. रात्रपाळी नको म्हणून आपोआप चालू-बंद होणारा लावला.

२ मार्च

तासाला ऐंशी लिटर.

४ मार्च

नऊ लिटर.

५ मार्च

माझी बाजू मिटली. पूर्ण. आतून टिपकागद लावून पाहिला — कोरडा. लंबूला दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि खिशात घातला.

डावीकडे आतून फासळ्यांवर खडूने रेघा मारून ठेवल्यात. रोज सकाळी मोजते. सहाव्या फासळीला दोन मिलिमीटर बाक आलाय.

नाव अजून बाहेर काढता येईल. क्रेन शनिवारी रिकामी आहे.

८ मार्च

चार मिलिमीटर. सातव्या फासळीला केसाएवढी चीर.

शनिवार होता. क्रेन रिकामी होती.

११ मार्च

सकाळी नऊच्या सुमारास सहावी मोडली. सुक्या लाकडासारखी नाही, कुणीतरी ओली फांदी पिळावी तशी. मग सातवी, आठवी, पाचवी. एकूण सात मोडल्या. तळाची फळी खिळ्यांसकट सुटली आणि पाणी एकदम आत आलं. पंपाच्या हातातलं काम उरलं नाही. चाळीस मिनिटांत नाव डाव्या कुशीवर बसली. पाणी उथळ होतं म्हणून अर्धीच बुडाली.

मालकीणबाईंना बोलावलं. त्या काठावर आल्या. रडल्या नाहीत. पर्स उघडली, बंद केली, परत उघडली.

"मिस्त्री, हे कसं झालं?"

बाबा समोर होते, त्यांनी ओठ वाचले. "कळत नाही, बाई. आयुष्यात असं झालं नाही."

मी म्हटलं, "मी सांगते. डावी बाजू गरजेपेक्षा दुप्पट घट्ट ठोकलीय. जास्त घट्ट झाली की हातोड्याचा आवाज बदलतो. तो बाबांना ऐकू येत नाही. बारीक आवाज त्यांना येतच नाहीत."

दादा म्हणाला, "ए, गप!"

"दाखवते ना." मी बाबांच्या पाठीमागे गेले. तीन मीटर. "बाबा!" ते पाण्याकडे बघत होते. "बाबा, मागे वळा!" शेजारच्या शेडमधली माणसंही थांबली. "बाबा, तुमची चप्पल तुटलीय!" कुणीतरी फिसकन हसलं. लंबू नाही, तो जमिनीकडे बघत होता.

मग बाबा आपणहून वळले. सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांना दिसलं. एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय? काय झालं?"

कुणी सांगितलं नाही.

१२ मार्च

सकाळी चहाच्या कपाशेजारी शेडच्या चाव्या. बाबा आधीच बाहेर गेले होते.

आई म्हणाली, "हे घरात सांगता आलं असतं."

"घरात सांगितलं असतं तर घरातच राहिलं असतं."

"पोटात काय आहे गं तुझ्या? लोखंड?" असं म्हणून तिने माझ्यापुढचा कप उचलला आणि मोरीत ओतला. अर्धा शिल्लक होता.

१४ मार्च

मालकीणबाई नाव आमच्याकडेच ठेवतायत. "तुझी बाजू टिकली, म्हणून," एवढंच म्हणाल्या. मी डावी बाजू नव्याने करून देणार. नाव काढून परत शेडमध्ये आणली.

लंबू आता मला ताई म्हणत नाही. "बाई" म्हणतो. सूचना नीट ऐकतो. पुरे.

बाबा घरी असतात. रेडिओ लावून बसतात. तो चालू आहे की बंद, हे ते त्याच्या दिव्यावरून बघतात.

१८ मार्च

डाव्या बाजूचे सांधे उकरायला घेतले. कापूस भरायला घेतल्यापासून बाहेरून त्या बाजूला पहिल्यांदाच पाय ठेवला.

पुट्टी काढली. खाली कापूस, लाकडासारखा कडक, छिन्नीने तोडून काढावा लागला. अपेक्षेप्रमाणे. त्याच्या खाली मात्र दुसरा थर निघाला. हलका. सारख्या अंतरावर घड्या घालत बसवलेला, बोटाने उचलला तर अख्खी वात हातात आली. मी माझ्या बाजूला घातला तसाच. माझ्याहून सफाईदार.

पाच ठिकाणी उकरलं. पाचही ठिकाणी तेच. एका सांध्यात दोन हात.

दादाला बोलावलं. छिन्नी हातातच होती.

"वरचा थर कुणाचा?"

तो आधी हसला. मग समोर हसायला कुणी नाही हे त्याच्या लक्षात आलं. "बाबांचे सांधे भुसभुशीत वाटले. म्हटलं, म्हाताऱ्याचा हात गेला. दुपारी ते मागच्या खोलीत कापूस वळायला बसायचे, तेव्हा पुट्टी भरायच्या आधी मी ठोकून घ्यायचो. त्यांना काय, ऐकू कुठे येतंय!"

"तुला माहीत होतं?"

"तीन वर्षं. मी सांभाळून घेत होतो. तुझ्यासारखं चव्हाट्यावर नाही मांडलं."

"आणि त्यांची बाजू फुटली तर शेड माझी, हेही माहीत होतं."

"मग? तू आल्यावर मला झाडू मारायला ठेवणार होतीस ना?"

हो, साधारण तसंच ठरवलं होतं.

दुपारी टण्ण, सकाळी धप. माझ्याच वहीत लिहिलेलं आहे. वेळ आणि मिनिटांसकट लिहिलं — हात कुणाचा, ते तेवढं गृहीत धरलं.

बाबांनी माझा हिशेब ऐकला होता. सगळ्यांसमोर हसले आणि तसाच कापूस भरला. दादा मध्ये पडला नसता, तर दोन्ही बाजू टिकल्या असत्या.

दोन्ही टिकल्या तर बाबा अजून दहा वर्षं.

दादाला म्हटलं, हे कुठे बोलायचं नाही. तो इतक्या पटकन "नाही, नाही" म्हणाला की मला त्याची किळस आली. मग आठवलं, सूचना माझी होती.

२१ मार्च

बाबा शेडमध्ये आले. दहा दिवसांत पहिल्यांदा. डाव्या बाजूला गेले नाहीत, दारातच थांबले. मला खुणेने बोलावलं.

म्हणाले, "एक विचारायचं होतं. मी तर तुझ्या आकड्यानेच भरला होता. हलका. चारचौघांत मान्य केलं नाही, तेवढी चूक झाली. तू उकरलंस ना? कापूस कसा निघाला?"

आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.

मी त्यांना नीट कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "दगडासारखा, बाबा."

त्यांनी मान हलवली. "मग हातालाही कळेनासं झालं," म्हणाले, आणि गेले.

संध्याकाळपर्यंत चार सांधे उकरून झाले. दोन्ही थर एकाच पोत्यात भरून जाळायला दिले.