बोलक्या वस्तूंचं घर

प्रिय लेकी,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, गुडघा सोडला तर. मोबाइलवरच लिहिणार होतो, पण तिथे माझं सगळं लिहिणं हजेरीसारखं होतं: जेवलो, औषध घेतलं, वीज गेली होती, आली. आज सांगायचंय ते तेवढ्यात मावणार नाही. म्हणून तुझ्या आईच्या कपाटातले कोरे कागद काढले आणि सकाळीच जेवणाच्या टेबलाशी बसलो. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे, बोटं हल्ली आखडतात.

आई जाऊन सात महिने झाले. आधी घरातली बातमी सांगतो. गेल्या महिन्यात संग्रहालयातून दोघीजणी आल्या होत्या. रोजच्या वापरातल्या, पण बघणाऱ्याला चकित करणाऱ्या वस्तूंचं एक दालन त्यांना मांडायचंय आणि त्यात मी तुझ्यासाठी केलेल्या वस्तू हव्यात. दाराचं बटण दाबलं की भिंतीवर उघडणारं लाल कापडाचं फूल, पाणी उकळलं की झाकणावरून वर उडणारी किटलीची पत्र्याची चिमणी, आईने स्वयंपाकघरातून पायाने पट्टी दाबली की तुझ्या खुर्चीखाली थरथरणारी फळी, आणि तो रेडिओ, ज्याच्यावरच्या ताटलीत बारीक वाळू गाण्याबरोबर नक्षी काढायची. चौदा वस्तू गेल्या. भिंतींवर आता फिकट चौकोन आणि गोल उरलेत. घर एखाद्या दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. कवळ्या करणाऱ्या मुलीला हे सांगतोय, हसशील.

या वस्तू तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पण त्या कशा सुरू झाल्या ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू दीड वर्षाची होतीस. स्वयंपाकघरात तुझ्या पाठीमागे मोठं पातेलं पडलं. बाहेरच्या खोलीत मी दचकलो, आणि तू मात्र वाटीतले दाणे एकेक करून उचलत राहिलीस. तुझ्या आईने पातेलं उचललं आणि मुद्दाम पुन्हा खाली टाकलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा टाकायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. डॉक्टरांकडे आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो, पण आम्हाला कळायचं ते त्या दुपारीच कळलं होतं. आई दोन दिवस रडली. मला ते जमलं नाही. कारखान्यात मी नमुने करणारा माणूस. इस्त्री असो, पंखा असो, बाजारात येण्याआधी त्याचा लाकडी नमुना माझ्या हातून जायचा. मला करवत चालवता येत होती, म्हणून मी करवत घेतली. मागच्या गॅलरीत बाक टाकला आणि तिसऱ्या दिवशी ते फूल करायला बसलो. ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा तू जी किंकाळी फोडलीस, ती ऐकून शेजारच्या मावशी काय झालं म्हणून धावत आल्या. मग त्यांनीच वीस वेळा बटण दाबलं. मला वाटलं, जिंकलो. आता या घरात कशाचीच अडचण राहणार नाही, एकेक करून सगळं करून टाकू.

आणि केलंही. सात-आठ वर्षं कारखान्यातून आलो की चहा पिऊन थेट गॅलरीत जायचो. लोक बघायला येऊ लागले. वर्तमानपत्रात आलं. मग त्या प्रदर्शनवाल्यांनी आपलं स्वयंपाकघर जसंच्या तसं उभं केलं आणि वर पाटी लावली, 'बोलक्या वस्तूंचं घर'. तू नऊ वर्षांची होतीस. सात दिवस तू त्या खुर्चीवर बसायचीस. पाहुण्याने बटण दाबायचं, फूल उघडायचं आणि तू वर बघून हसायचं, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं होतं? मीच. चौथ्या दिवशी तू हसायची थांबलीस. फूल उघडायचं आणि तू टेबलावर नखाने रेघा ओढत बसायचीस. रांगेत शाळेची मुलं होती, फोटोवाला खोळंबला होता. मी तुझ्याजवळ आलो, वाकलो आणि दोन बोटांनी तुझ्या ओठांचे कोपरे वर उचलले. फोटो निघाला.

तो चांगला आला म्हणून मी तो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला. एवढी वर्षं तिथेच होता. तुझी आई घरातली प्रत्येक वस्तू पुसायची, पण त्या फोटोवर बोटभर धूळ असायची. मला वाटायचं, तिचा हात पोचत नसेल.

त्या दिवशी तिने लोकांसमोर तुझा हात धरला आणि तुला घरी घेऊन गेली. पुढच्या बुधवारी तिने हातांची भाषा शिकवणारा वर्ग गाठला, तुलाही बरोबर घेऊन. मी विरोध केला. डॉक्टर म्हणाले होते, हातांची सवय लागली तर पोरगी तोंडाने बोलायची नाही. ते खरं नव्हतं हे पुढे कळलं, पण तेव्हा मला ते सोयीचं होतं. मला शिकायला नको होतं, लेकी. ज्या कामात मी पटाईत होतो त्याने सगळं भागावं, असं मला वाटत होतं.

मग तुम्ही दोघी याच टेबलाशी बसून गप्पा मारायला लागलात. तू हसून हसून डोळे पुसायचीस. मी विचारायचो, काय झालं? आई म्हणायची, "काही नाही हो, शाळेतली गंमत." पाव तासाची गंमत माझ्यापर्यंत तीन शब्दांत पोचायची. मला राग यायचा, आणि राग आला की मी गॅलरीत जाऊन आणखी एक वस्तू करायचो. सतराव्या वर्षी तू वसतिगृहात निघालीस तेव्हा माझ्या हातावर चिठ्ठी ठेवलीस: 'बाबा, मला आता वस्तू नकोत. आई बोलते तसं बोला.' त्यावर मी काय केलं ते आठवतं का? उशी हलवणारं गजराचं घड्याळ करून तुला पार्सलने पाठवलं. ते परत आलं तेव्हा मी आईला म्हणालो, पत्ता चुकला असणार. पत्ता तिनेच लिहिला होता.

आई गेल्यानंतरचा तो तिसरा दिवस. तू माझ्यासमोर बसलीस आणि अगदी सावकाश हात हलवायला लागलीस. लहान मुलाला घास भरवताना करतात तितकं सावकाश. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय केलं, तर वही आणि पेन तुझ्याकडे सरकवलं. तू वहीकडे बघितलंस, हात मांडीवर ठेवलेस आणि बॅग भरायला उठलीस. तू काय सांगत होतीस ते मला अजून माहीत नाही. आता ते पुन्हा विचारायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही.

संग्रहालयातून आलेल्या दोघींपैकी धाकटी जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी आहे. तिलाही ऐकू येत नाही. थोरली तिचं बोलणं मला सांगत होती. धाकटीने किटली उकळायला ठेवली, चिमणी उडाली तशी ती खळखळून हसली. प्रत्येक वस्तू उघडून बघितली, माझ्या जोडकामाची तारीफ केली, मी फुशारलो. मग तिने हातांनी काहीतरी विचारलं. थोरली म्हणाली, "ती विचारते, या सगळ्या वस्तू मुलीला काही ना काही सांगतात. मुलीला तुम्हाला काही सांगायचं असलं, तर ती काय करायची?" मी म्हटलं, "आई होती ना." धाकटीने मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं. त्या संग्रहालयात आता माझं ते उत्तर कुठेतरी कागदावर असेल.

फोटो मी त्यांना दिला नाही. त्या गेल्यावर चौकटीतून काढून फाडला. तुला विचारून फाडायला हवा होता का, कळत नाही.

आता दुसरी बातमी. पाच आठवडे झाले, मी वर्गाला जातो. मंगळवार आणि शुक्रवार, एका शाळेच्या तळमजल्यावर. बाकं सातवीच्या मुलांची आहेत, गुडघा आडवा घालून बसावं लागतं. मास्तरीणबाई तुझ्याच वयाच्या, त्यांनाही ऐकू येत नाही आणि त्या अजिबात दयामाया दाखवत नाहीत. वर्गात एक नर्स आहे, एक बँकेतला कारकून आहे आणि एक तरुण जोडपं आहे, त्यांची मुलगी दोन वर्षांची आहे. मी सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत ढ. परवा 'मी रोज सकाळी चहा उकळतो' असं सांगायला गेलो आणि सांगितलं, 'मी रोज सकाळी बायको उकळतो.' सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग बाईंनी विचारलं, बायको कशी आहे? 'वारली' हे मला हातांनी बरोबर सांगता आलं. नर्सने पिशवीतून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. सात महिन्यांत मी पहिल्यांदा रडलो, तेही सातवीच्या बाकावर.

आणि गेल्या शुक्रवारी जे झालं त्यासाठी हे पत्र. बाईंनी प्रत्येकाला घरच्या माणसांची ओळख करून द्यायला सांगितली. त्या जोडप्याने गालावर बोट टेकवून जरासं फिरवलं. त्यांच्या मुलीला खळी पडते, म्हणून तेच तिचं हातांचं नाव. बाईंनी फळ्यावर लिहून समजावलं, तोंडाने घेतो ते नाव वेगळं. हातांनी हाक मारायचं नाव आपल्या माणसाने दिलेलं असतं. मग त्या माझ्याकडे वळल्या: तुमच्या मुलीचं? मला येत नव्हतं. तुझं तोंडाचं नाव मी चौतीस वर्षं घेतोय, तेही मीच ठेवलेलं, आणि तू ते एकदाही ऐकलेलं नाहीस. आईने तुला या टेबलापलीकडून हजार वेळा हाक मारली असेल. तिचा हात वर जायचा, कपाळाजवळ की हनुवटीजवळ, एक बोट की दोन, मी आठवून आठवून दमलो. मी तिच्यासमोरच बसलेला असायचो आणि बघत असायचो ती किटली नीट चालते का ते. आता ते नाव आईकडून मिळायचं नाही. तूच दिलंस तर. कागदावर लिहून पाठवू नकोस, लिहिलेलं मला कळणार नाही. तू सांगशील त्या दिवशी मी तुझ्या कामाच्या ठिकाणी येईन, बाहेर थांबेन, तू एकदा दाखव, वाटलं तर लगेच आत निघून जा. आणि जमलं तर आणखी एक सांग. तुम्हा दोघींच्या बोलण्यात मीही कधीतरी येत असेन ना? मला तुम्ही काय म्हणायचात? नाव चांगलं नसलं तरी चालेल. ते मला शिकायचंय.

तुझाच,
बाबा