उतरलेल्या सेलचा पोल्का

३ नोव्हेंबर २००६

इतिहास मी लिहायचा! आमच्या ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं झाली, स्मरणिका निघतेय. महिपती — अध्यक्ष, व्हायोलिन धरतो झाडू धरल्यासारखं — म्हणाला, "मधूशेठ, दोन पानं टाका ना. आपली हिस्टरी." हिस्टरी म्हणे! अंबरनाथच्या कॉलनीतले चौदा जण, गणपतीत आणि जयंतीला वाजवतात. आणि पाटीवर काय? 'सिम्फनी'!

७ नोव्हेंबर

लिहायला बसलो. खरं तेच लिहिणार.

संस्थापक भीमराव. माणूस चांगला, दोन वर्षांपूर्वी गेला. पण संगीताच्या नावाने शंखच! कुठून तरी कॅसेट आणायचा, टेपवर ऐकून सगळ्यांना सारेगम लिहून द्यायचा. ८८ सालचा तो पोल्का! पोल्का म्हणजे नाचायची धून. टेपचे सेल उतरलेले, धून रेंगाळली, आणि याने तशीच लिहून घेतली. अठरा वर्षं आम्ही ती मयताला निघाल्यासारखी वाजवतोय. वर स्वतःच हसत सांगायचा, "सेल बदलायला पाहिजे होते ना राव!" लोकांना त्याचंही कौतुक. मला मेली लाज वाटायची. व्हायोलिन शिकलेला मी एकटा.

१० नोव्हेंबर

पोल्क्याचा किस्सा टाकला. वर मथळा — 'उतरलेले सेल आणि उतरलेले कान'. महिपती खो खो हसला. कळला असेलच असं नाही.

१७ नोव्हेंबर

स्मरणिका आली. महिपतीचे फोटो पाच. माझं आडनाव चुकलंय. गाढव लेकाचे!

१९ नोव्हेंबर

भीमरावच्या घरी खरवईला गेलो, भागीरथीवहिनींना प्रत द्यायला. त्यांनी समोरच वाचायला घेतली. रागावतील असं वाटलं होतं. पान मिटून सावकाश म्हणाल्या, "भावजी, सेल नवे होते. मीच आणले होते. त्या वर्षी स्कूटरवरनं पडून तुमचा डावा हात मोडला होता ना? बोटं पळत नव्हती. हे म्हणले, मधूला झेपंल तेवढ्याच लयीत सगळे वाजवू. नाहीतर तो व्हायोलिन सोडून देईल. त्याला सांगायचं नाही."

मग विचारलं, "चहात साखर बरोबर आहे ना?"

२० नोव्हेंबर

दार लावून पोल्का खऱ्या लयीत वाजवून बघितला. तिसऱ्या ओळीला बोटं अडकली. पुन्हा तिथेच.

महिपतीचा फोन — पाचशेच्या पाचशे प्रती वाटून झाल्या.