मासळीचा वास

धायरी, पुणे
११ डिसेंबर २०२४

ती. दादास,
वासंतीचा सा. न. आधी खुब्याचं लिही, मग बाकीचं.

ऑपरेशननंतर तू चार पावलं चालायला लागलास हे आनंदकडून कळलं. फोनवर तुझ्याशी बोलणं मी सोडूनच दिलं आहे. कानातलं मशीन शिट्टी मारतं, तू नुसतं हो हो म्हणतोस, आणि मागाहून तुझा आनंद मला सांगतो की बाबांना काही कळलं नाही. म्हणून हे पत्र. धायरीहून खडकीला पोचायला त्याला तीन दिवस लागतात. सिंहगड रोडची गर्दी पाहता हे काही फार नाही.

यंदा थंडी जरा जास्तच आहे. परवा माळ्यावरून हीटर काढला. पंख्याचा, गरम हवा फेकणारा. ह्यांनी शेवटच्या हिवाळ्यात आणलेला. हे गेल्यापासून तो खोक्यातच होता. एकटीसाठी खोली कशाला तापवायची, असं वाटायचं. पण यंदा गुडघे ऐकेनात. लावला, आणि पाच मिनिटांत मथुराबाई फरशी पुसता पुसता थांबल्या. म्हणाल्या, बाई, काहीतरी जळतंय. मी घाबरून बंद केला. त्या कामं आटपून गेल्यावर पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

तू कारखान्यात चाळीस वर्षं विजेचंच काम केलंस, म्हणून विचारते. असा वास येणं धोक्याचं असतं का? केयूरला रविवारी विचारलं होतं. तो कॅनडात उणे वीसमध्ये बसलेला; आईला पुण्यात हीटर लागतो याचंच त्याला हसू आलं.

बाकी ठीक. सकाळी अर्धा तास मथुराबाई आणि संध्याकाळी समोरच्या कमरजहांबाई दारात उभ्या राहून दोन शब्द बोलतात, तेवढंच. तक्रार नाही.

लोभ आहेच, तो थंडीने आखडू नये.
तुझी
वासंती


खडकी, पुणे
१६ डिसेंबर २०२४

चि. वासंतीस,
गोपाळकृष्णाचे अनेक आशीर्वाद.

खुबा बरा आहे. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातो आणि रस्त्यावरची माणसं तोंडं हलवताना पाहून परत येतो.

हीटरचं ऐक. इतकी वर्षं पडून राहिला की आतल्या तारांवर धूळ बसते. पहिल्यांदा तापल्यावर ती जळते आणि खरपूस, केस जळल्यासारखा वास येतो. दहा-पंधरा मिनिटांत जातो. त्याला भ्यायचं कारण नाही. प्लग काढून ठेव, मऊ ब्रशने जाळी झाड, खिडक्या उघड आणि एकदा अर्धा तास चालव.

त्यानंतरही वास आला तर मात्र तो धुळीचा नव्हे. मग लगेच बटण बंद करून प्लग काढायचा. अधूनमधून प्लगला हात लावून पाहत जा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर आत काहीतरी सैल आहे. आणि हीटर मोठ्या पॉइंटवरच लाव, जाड पिनांच्या, गीझरला असतो तशा. एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नाही. हीटर जेवढी वीज ओढतो तेवढी त्या बोर्डाला सोसत नाही.

एक गोष्ट खटकली. मथुराबाईंना काय वाटलं ते तू लिहिलंस. तुला वास कसला आला ते लिहिलं नाहीस. शेजाऱ्याच्या वहीत बघून गणित सोडवणाऱ्या पोरांना तू वर्गाबाहेर काढायचीस, आणि आता स्वतः तेच करतेस? पुढच्या पत्रात स्वतःचं उत्तर लिही.

तुझी वहिनी गेल्यापासून माझ्या पत्रांना उत्तर देणारी तू एकटीच उरलीस. तेव्हा दिरंगाई नको.
दादा


धायरी, पुणे
२३ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. दटावणी पोचली.

सांगितलंस तसा हीटर झाडला. चिमूटभर धूळ निघाली. मथुराबाई असतानाच लावून पाहिला, त्या म्हणाल्या आता वास नाही. झोपायच्या खोलीतला मोठा पॉइंट कपाटामागे गेलाय आणि कपाट मला एकटीला हलत नाही, म्हणून तूर्त एक्स्टेंशन बोर्डावर लावते. बोर्ड चांगला जाड आहे, रागावू नकोस. रोज संध्याकाळी दोन तास लावते. गुडघ्यांना फार बरं वाटतं.

आता एक वेगळंच. कमरजहांबाईंशी माझं बिनसलं. तुला माहीत आहे, त्यांच्या यजमानांची मार्केट यार्डात मिरचीची अडत होती, त्या स्वतः मिरची नुसत्या वासावरून निवडायच्या. त्या नाकाचा त्यांना अभिमान आहे. शुक्रवारी संध्याकाळी दारात आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या की दोन दिवस माझ्या घरातून मासळीचा वास येतोय, आणि तोही शिळ्या मासळीचा. मी खायला लागले असेन तर त्यात वाईट काही नाही, पण बाजारात बाईमाणूस बघून फसवतात. त्यांची नात अरिबा ताजी बघून आणून देईल.

दादा, ज्या घरात कधी अंडं आलं नाही तिथे हे. मी त्यांना म्हटलं की माझ्या घरात वास येण्याजोगं काही शिजतच नाही, आणि दार लावून घेतलं. मी बोलले ते खोटं नव्हतं. वरणभात नाहीतर खिचडी, याखेरीज गेल्या कित्येक महिन्यांत काही केलेलं नाही.

तीन दिवस झाले, त्या आल्या नाहीत. मीही गेले नाही. संध्याकाळी हीटरची घरघर तेवढी असते. चूक माझी नाही असं मी दिवसातून बऱ्याच वेळा मनाशी म्हणते.

उत्तर लवकर लिही. इथे रागावण्यापुरतंसुद्धा कुणी नाही.
वासंती


खडकी, पुणे
२६ डिसेंबर २०२४

चि. वासंतीस,
आशीर्वाद. पत्र आत्ता मिळालं. तुला दोनदा फोन लावायला लावला, तू उचलला नाहीस. म्हणून आनंदला रजा टाकायला लावून हे त्याच्याच हाती पाठवतो आहे.

तो दारात असतानाच हीटरचं बटण बंद कर. वाचायचं नंतर.

तो मासळीचा वास नव्हे. बोर्ड किंवा प्लगचं प्लास्टिक आतून तापून जळायला लागलं की अगदी तसाच वास येतो, शिळ्या मासळीचा. कारखान्यात नवा माणूस घेतला की आम्ही त्याला पहिल्या दिवशी हेच सांगायचो: डबा कुणी आणलाय ते विचारत बसू नकोस, आधी स्विच पाड. त्या बाईंचं नाक बरोबर होतं.

आणि वासंती, त्या बाईंना जिन्यापलीकडून वास आला. तू त्या खोलीत दोन तास बसून होतीस. तुला कसा आला नाही?

दादा


धायरी, पुणे
२९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

आनंद आला तेव्हा हीटर चालूच होता. त्याने मुख्य बटणच पाडलं. बोर्ड उलटा केला तर खालची बाजू वितळून सतरंजीला चिकटली होती. सतरंजीला तळहाताएवढं काळं भोक. पडद्याची झालर तिथून वीतभर लांब होती. आनंद स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. मग त्याने कपाट सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी सुदर्शन नावाच्या ओळखीच्या वायरमनला आणून मोठा पॉइंट नीट करून घेतला. हीटरला काही झालेलं नाही, दोष बोर्डाचाच होता. आणि माझा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्वतःचं.

मला वास येत नाही, दादा. एकवीस सालच्या एप्रिलपासून. आम्ही दोघं एकाच दिवशी इस्पितळात गेलो, वेगवेगळ्या मजल्यांवर. मी परत आले. घरी आले तेव्हा ह्यांचा सदरा खुंटीला होता. ह्यांच्या तपकिरीच्या वासावरून मी जन्मभर कुरकुर केली, तुला माहीत आहे. तो सदरा तोंडाशी धरला तर काही नाही. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडासारखा. मला वाटलं, रडून नाक चोंदलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला. मग रोज.

तेव्हा सगळे म्हणत, महिन्याभरात वास परत येतो. महिने गेले. कुणाला सांगायचं? माणूस गेलं तिथे नाकाचं काय रडगाणं गायचं, असं वाटलं. तू भेटायला आलास तेव्हा सांगणार होते. पण तू ह्यांच्या खुर्चीकडे बघून गप्प बसलास, आणि राहून गेलं. पुढे ते सांगणंच अवघड झालं. केयूरला कळलं तर तो मला घर विकून तिकडे नेईल किंवा कुठल्या आश्रमात नाव घालेल. म्हणून मथुराबाईंच्या नाकावर दिवस ढकलत होते. दूध उतू गेलेलं मला दिसतं, कळत नाही. खिचडी करते कारण चव कशालाच लागत नाही.

सदरा अजून धुतलेला नाही. कधी वास परत आलाच तर.

कमरजहांबाईंचं दार समोरच आहे, आठ पावलांवर. तीन वेळा कडीपर्यंत हात गेला. काय सांगू त्यांना, ते तू सांग.

राग करू नकोस, केलास तरी पत्र बंद करू नकोस.
वासंती


खडकी, पुणे
३ जानेवारी २०२५

चि. वासंतीस,
आशीर्वाद.

रागावलो नाही. तुझं पत्र सूनबाईने पाहिलं नाही, आनंदनेही नाही. केयूरला मी कळवणार नाही. ते तू कळव, तुझ्या सवडीने, पण कळव. आणि डॉक्टरला नाक दाखव. उशीर झाला असेल, तरी दाखव.

त्या खुर्चीकडे बघून मी गप्प बसलो, कारण तू त्या दिवशी काय बोलत होतीस ते मला ऐकूच येत नव्हतं. मशीन घरी विसरलो होतो आणि तसं म्हणायची लाज वाटली. तू तासभर बोललीस, मी मान हलवली. राहून गेलं असं तू लिहितेस, पण कदाचित तू सांगितलंही असशील, असं मला आता वाटत राहतं. नसशील तर बरं.

आता कामाचं. हीटरपेक्षा मला तुझ्या सिलिंडरची काळजी आहे. गॅस सुटला तर तुला कळणार नाही. ओरडून सांगणारी छोटी यंत्रं मिळतात, एक गॅससाठी, एक धुरासाठी. आनंद रविवारी येऊन बसवेल. निजताना रेग्युलेटर बंद करत जा. हीटर चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नकोस, त्याच्यासमोर कपडे वाळत घालू नकोस. पण यंत्र ते यंत्र. रोज एकदा कुणाचं तरी नाक घरात फिरायला हवं.

कमरजहांबाईंना काय सांगायचं, तर मला लिहिलंस तेच. आठ पावलं आहेत. मला गॅलरी बावीस पावलं आहे आणि मी जातो.

दादा


धायरी, पुणे
२७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वॉकर सोडून काठीवर आलास हे तुझ्या परवाच्या पत्रात वाचून बरं वाटलं.

उशिराबद्दल माफ कर. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं म्हणूनच लिहिणं झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आता फारशी आशा धरू नका. केयूरला सांगितलं. तो म्हणाला की तो दर रविवारी जेवलीस का विचारतो आणि मी दर रविवारी खोटं बोलते. घर विकायचं मात्र बोलला नाही. तुझी दोन्ही यंत्रं बसली आहेत. धुराचं एकदा फोडणीला ओरडलं.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं त्याच दिवशी मी समोर गेले. माफी मागितली आणि सगळं सांगितलं, सदऱ्याचंसुद्धा. कमरजहांबाई ऐकून उठल्या, पदराला हात पुसले आणि सरळ माझ्या घरात शिरल्या. बोर्ड होता ती जागा, स्वयंपाकघर, सिलिंडर, फ्रिज, सगळीकडे वाकून वास घेतला. मग म्हणाल्या की फ्रिजमधलं दही टाकून द्या, बाकी घर ठीक आहे. सदऱ्याला त्यांनी हात लावला नाही. दाराशी थांबून म्हणाल्या, तपकिरीचा वास अजून आहे हो त्याला, थोडा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला येतात. हीटर लावलेला असला की जवळ उभ्या राहून वास घेतात, प्लगला हात लावतात, सगळं ठीक आहे म्हणतात. मग पाच मिनिटं म्हणून बसतात आणि सात वाजतात. कधी बोलतो, कधी नाही. इतक्या वर्षांत या घरात रोज येऊन बसणारं कुणी नव्हतं.

आता अडचण अशी की थंडी पंधरा दिवसांपूर्वीच गेली. दुपारी पंखा लावावा लागतो. हीटर खोक्यात घालायला हवा. पण त्या येतात ते हीटर तपासायला. म्हणून मी सहाला पाच कमी असताना खिडक्या उघडते आणि हीटर लावते. काल त्या त्याच्यासमोर कपाळाचा घाम पुसत तासभर बसल्या. जाताना प्लगला हात लावून सगळं ठीक आहे म्हणाल्या. मीही हो म्हटलं.

तू विजेतला माणूस आहेस. एप्रिलमध्ये काय करायचं ते कळव. आणि लोभ आहे तसा राहू दे, मला त्याची सवय आहे.
तुझी
वासंती